धावपट्टीवरचे ससे

निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, नोकरी कुठं कुठं झाली? मी सांगतो, काश्मीर, अरुणाचल, राजस्थान आणि शेवटी नाशिक. ऐकणाऱ्याला पहिल्या तीन ठिकाणांचं ऐकायचं असतं. तिथं बर्फ होता, फायरिंग होतं. नाशिकचं नाव आलं की म्हणतात, म्हणजे आराम. मी मान हलवतो. पण माझ्या हाताखालचा माणूस गेला तो नाशिकलाच. म्हणून मी नाशिकचंच सांगतो.

तेव्हा मी हवालदार होतो. माझं गाव बागलाणात, सटाण्यापासून थोडं आत. घराजवळ पोस्टिंग मिळालं म्हणून घरचे खूश होते. शहराबाहेर, द्राक्षबागा संपतात तिथं एक छोटी धावपट्टी आहे. तिचं नाव सांगत नाही. ट्रेनिंगची हेलिकॉप्टरं आणि लहान विमानं तिथं उतरतात. तिच्या सिक्युरिटी प्लाटूनमध्ये मी आलो. काम साधं. गेट, वॉच टॉवर, कुंपणाची गस्त आणि रोज फ्लाइंग सुरू व्हायच्या आधी पट्टी साफ असल्याचा रिपोर्ट.

पट्टी साफ कधीच नसायची. तिच्यावर ससे असायचे.

कुंपणाबाहेर बागांची कुत्री होती, फवारणी होती, माणसं होती. आत गुडघाभर गवत आणि कुणाचा त्रास नाही. त्यामुळे सगळ्या शिवारातले ससे आमच्याकडे राहायला आले. उजाडताना ते पट्टीच्या कडेला येऊन बसत. सशांच्या मागे कोल्हे आले, घारी आल्या. एकदा एक घार हेलिकॉप्टरच्या काचेवर आदळली. पायलट वाचला, काच गेली. त्यानंतर ऑर्डर आली, ससे हटवा.

हटवा म्हणजे कसे, ते ऑर्डरमध्ये नव्हतं. गोळी घालता येत नाही, कायदा आहे. विषाचा प्रश्नच नाही. शेवटी वनखात्यानं परवानगी दिली ती अशी, की ससे जिवंत धरायचे, इजा करायची नाही, आणि त्यांची माणसं घेऊन जातील तिकडं डोंगरात सोडायचे.

आमचे मेजर सक्सेना साहेब हौशी माणूस. त्यांनी कुठून तरी लहान जाळी मागवली. हात दीड हात लांबीची, पिशवीसारखी. कडेनं सगळीकडून एक दोरी ओवलेली, दोन टोकांना दोन कड्या. जाळं बिळाच्या तोंडावर पसरायचं आणि दोरीचं टोक खुंटीला बांधायचं. ससा आतून सुसाट येतो, जाळ्यात घुसतो, त्याच्याच धक्क्यानं दोरी आवळते आणि तोंड बंद होतं. पानसुपारीच्या बटव्याची नाडी ओढावी तसं. आम्ही त्याला बटवाच म्हणायला लागलो.

आपल्याकडचा ससा बीळ करत नाही. गवतात बसतो. पण पट्टीच्या दोन्ही बाजूंनी पावसाच्या पाण्याचे सिमेंटचे पाइप होते. मागून हाकारा आला की ससा पाइपात शिरतो आणि दुसऱ्या तोंडातून निघतो. त्या दुसऱ्या तोंडावर बटवा लावायचा. साहेबांची कल्पना चांगली होती. ती मी आजही चांगलीच म्हणतो.

या कामावर साहेबांनी मला घातलं, आणि माझ्याबरोबर नायक हिरामण भोये.

हिरामण सुरगाण्याकडचा. घरी बायको जिजा, डोंगरउतारावर नागली आणि भात. कंपनीच्या व्हॉलीबॉल टीमचा स्मॅशर. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि स्टोअरवाल्यांशी कायम भांडण. त्यांच्या घरात आजाच्या वेळची वाघूर होती, म्हणजे सशांची लांबलचक जाळी, उतारावर आडवी बांधायची. आता बंदी आहे, ती आढ्याला टांगून ठेवलेली. त्यामुळे त्याला वाटायचं, सशातलं सगळं आपल्याला कळतं. बटवा हातात घेऊन तो म्हणाला, "उस्ताद, ही तर कांदे आणायची पिशवी हाय. यात ससा नाय यायचा."

पहिल्याच सकाळी आला. हिरामण बराच वेळ जाळ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "येडा ससा हाय हा."

दुसऱ्या सकाळी तीन आले आणि तिन्ही गेले. जाळं चांगलं होतं. मेखा निघाल्या.

इथून आमची कटकट सुरू झाली.

स्टोअरनं तंबूच्या लोखंडी मेखा दिल्या होत्या. तंबूला त्या ठीक. तंबू एकाच बाजूला ताण देतो. ससा झटका देतो, मग उलटा फिरतो, मग परत झटका देतो. पावसाळ्यात काळ्या मातीतून ती गुळगुळीत मेख मुळा उपटावा तशी वर यायची. उन्हाळ्यात मुरमात शिरायचीच नाही, वाकायची. वर ठोकताना टणटण आवाज. तो पाइपातून पार पलीकडं जायचा. ससा तिकडं तोंडच घालायचा नाही.

आम्ही लाकडाच्या खुंट्या करायचं ठरवलं. कुंपणाच्या आत सुबाभूळ भरपूर होती. ती तासायला सोपी, पण दोनदा ठोकली की डोक्याचा कुंचा होतो. निलगिरी सरळ मिळते, वाळली की उभी चिरते. हिरामणचा हट्ट खैराचा. पुढच्या सुट्टीत तो घरून खैराचे तुकडे घेऊन आला. ते इतके कठीण की आमच्या कुऱ्हाडीची धार गेली आणि दिवसभरात चार खुंट्या झाल्या. शेवटी शेजारच्या बागवाल्याच्या बांधावरची बाभूळ चालली. पिकलेली फांदी, साल काढलेली, सावलीत वाळवलेली. कोपरापासून मनगटापर्यंत लांब. टोक गोल केलं तर खुंटी मातीत फिरते, म्हणून चौकोनी तासायचं. डोक्याखाली खाच, दोरी घसरू नये म्हणून. ठोकायची ती ओढीच्या उलट दिशेला कललेली, आणि पाइपाच्या तोंडासमोर नाही तर बाजूला. हातोडी नाही, लाकडी मोगरी. आवाज बसका येतो.

जाळ्याचेही लाड होते. हाताला तंबाखू, तेल, पेट्रोल असेल तर हात लावायचा नाही. आधी माती चोळायची. जाळं खालच्या कडेपासून लावत वर जायचं, ताणायचं नाही, ढिलं सोडायचं. काम झालं की झटकून एकेक काडी काढायची. दोरीत एक वाळकी काडी राहिली तर बटवा मिटत नाही. दवानं भिजलेलं जाळं सावलीत वाळवायचं, मग घडी घालताना दोन्ही कड्या एका हातात येतील असं गोळा करायचं. हे सगळं आम्ही चुकत चुकत शिकलो. थोडं साहेबांनी सांगितलं, थोडं हिरामणनं, बरंचसं सशांनी.

बाभळीच्या खुंट्या आल्यावर ससे सुटेनात. तेव्हा स्टोअरला त्रास सुरू झाला.

इन्स्पेक्शन आलं. क्वार्टरमास्टरच्या सुभेदारांनी आमच्या शेडमध्ये खुंट्यांचा ढीग पाहिला. विचारलं, "यह क्या है?"

"पेग आहेत सर. ससे पकडायचे."

"पेग तो इश्यू किये हैं."

"ते निघतात सर."

"इश्यू आयटम निकलता नहीं. यह लकडी किस हेड में है?"

कुठल्याच हेडमध्ये, म्हणजे हिशेबाच्या खात्यात, नव्हती. संध्याकाळी खुंट्या लंगरच्या चुलीत गेल्या. हिरामण त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी परत बांधावर जाऊन फांद्या आणल्या. पुन्हा तासल्या, पुन्हा वाळवल्या.

मला खुंट्यांपेक्षा दुसरी गोष्ट खात होती. कुंपणाच्या तारेखाली जागोजाग फट होती. आम्ही आठवड्याला जितके ससे डोंगराकडं पाठवायचो तितकेच फटीतून आत यायचे. खाली हातभर जाळी मारली असती तर सगळं मिटलं असतं. मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी वर पाठवलं. वरून उत्तर यायचं, विचाराधीन. साहेबांनी परत पाठवलं. परत विचाराधीन. हिरामण म्हणायचा, "उस्ताद, घागर फुटकी हाय आणि आपण पाणी भरतोय." मी म्हणायचो, भर. दुसरं काय म्हणणार होतो.

पावसाळा संपत आला होता. एक मोठे अधिकारी भेटीला येणार, सकाळी नऊला त्यांचं विमान उतरणार, अशी खबर आली. स्टेशनवर रंगरंगोटी सुरू झाली. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना. त्या साफसफाईत आमच्या खुंट्या पुन्हा चुलीत गेल्या. आम्हाला कळलं ते आदल्या संध्याकाळी. नव्या करायला वेळ नव्हता.

साहेबांनी बोलावलं. "कल सुबह रनवे पे एक भी खरगोश नहीं चाहिए."

"सर, लाकडाचे पेग जळाले."

साहेब म्हणाले, "जो है उसी से करो."

सकाळी लवकर आम्ही हाकाऱ्याची लाइन लावली. रात्री पाऊस झाला होता. आम्ही लोखंडी मेखा खोल ठोकल्या, दोन दोन ठोकल्या. पहिल्या पाइपात दोन ससे मिळाले. दुसऱ्यात एक. उन्हं वर आली तशी पट्टी रिकामी होत गेली. शेवटचा पाइप टॅक्सी ट्रॅकखालचा, म्हणजे विमानं पट्टीवरून आत येतात त्या रस्त्याखालचा. तिथं मोठा नर आला. जाळ्यात शिरला, दोरी आवळली, त्यानं एक झटका दिला आणि दोन्ही मेखा वर आल्या. तो जाळ्यासकट उलटा फिरून पाइपात गेला. आत पाइपाचा सांधा फुटलेला होता. तिथं जाळं अडकलं.

नियम असा, की विमान येत असताना पट्टीजवळ सुटी वस्तू राहता कामा नये. ससा जाळं ओढत बाहेर आला आणि ते चाकाखाली किंवा पंख्यात गेलं, तर काय होईल ते सांगायला नको.

रेडिओ वाजला. पेट्रोल वन म्हणजे आमची गस्तीची टोळी. "पेट्रोल वन, टॉवर. रनवे क्लिअर? ओव्हर."

"टॉवर, पेट्रोल वन. एक जाळी पाइप में फँसी है. थोडा टाइम चाहिए. ओव्हर."

"एअरक्राफ्ट इनबाउंड है. जल्दी करो. आउट."

हिरामण पालथा झोपला. आमची पद्धत होती, आत साप असला तर कळावा म्हणून आधी काठी घालायची. त्यानं काठी घातली, सगळीकडं ठोकली. ससा ओरडला. ससा सहसा आवाज करत नाही, पण धरला गेला की लहान मुलासारखा ओरडतो. त्या आवाजात दुसरं काही ऐकू आलं नाही. हिरामणनं खांद्यापर्यंत हात घातला, जाळं सोडवलं आणि हात बाहेर ओढला. हातात जाळं होतं, जाळ्यात ससा होता. मनगटाच्या वर दोन ठिपके होते. मग आतून फुत्कार आला. कुकरची शिट्टी जाण्याआधी वाफ निघते तसा.

"घोणस हाय उस्ताद," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा लहान होता.

मी त्याला खाली बसवलं. म्हणालो, हलू नको. त्यानं डाव्या हातानं जाळं माझ्याकडं दिलं. "आधी पट्टी क्लिअर सांगा."

मी जाळं आणि ससा पोत्यात घालून तोंड बांधलं. मेखा उचलल्या. मग सेट उचलला.

"टॉवर, पेट्रोल वन. रनवे क्लिअर. स्नेक बाइट, कॅज्युअल्टी वन. अँब्युलन्स भेजो. ओव्हर."

"पेट्रोल वन, वेट."

मी थांबलो. हिरामण हाताकडं बघत होता. हात सुजायला लागला होता.

"पेट्रोल वन, अँब्युलन्स क्रॅश ड्यूटी पर है. लँडिंग के बाद मिलेगी. ओव्हर."

"सर, जवान को घोणस ने काटा है. लँडिंग तक रुक नहीं सकते. ओव्हर."

"समझ रहा हूँ. वेट. आउट."

क्रॅश ड्यूटीची अँब्युलन्स सोडता येत नाही. विमान उतरताना काही झालं तर ती जागेवर हवी. हे मला माहीत होतं. टॉवरमधल्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. तरी सेट जमिनीवर आपटावा असं वाटलं. आपटला नाही.

सक्सेना साहेबांनी आपल्या सेटवर हे ऐकलं होतं. ते करकरीत इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये विमानाच्या स्वागताला उभे होते. ते सरळ गवतातून जिप्सी स्वतः चालवत आले. म्हणाले, "बिठाओ."

आम्ही निघालो तेव्हा डोक्यावरून विमान उतरत होतं.

हायवेवर कांद्याचे ट्रॅक्टर मार्केटच्या वाटेवर लागलेले. एका मागे एक, दोन्ही लेन भरलेल्या. साहेब हॉर्नवरचा हात काढत नव्हते. कुणी बाजूला होत होतं, कुणाला होता येत नव्हतं. हिरामण मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून बसला होता.

"उस्ताद, घरी सांगू नका अजून. जिजा उगाच घाबरंल."

"नाही सांगत."

"संध्याकाळी मॅच हाय. माझ्या जागी कदमला घ्या. त्याला उडी नाय, पण हात हाय."

"तूच खेळशील."

तो हसला. तेव्हा मला त्याच्या हिरड्यांतून रक्त येताना दिसलं. साहेबांनीही ते आरशात पाहिलं असावं. त्यांनी गाडी दुभाजकावर चढवून उलट्या बाजूनं घातली.

दवाखान्यात पोचल्याबरोबर औषध सुरू झालं. डॉक्टर तरुण होते, दोन दिवस घरी गेले नाहीत. किडनी बंद पडल्या, मशिनवर घेतलं. जिजाला गावाहून आणलं. ती काचेबाहेर उभी राहायची, बस म्हटलं तरी बसायची नाही. चौथ्या दिवशी सकाळी हिरामण गेला.

भेट मात्र चांगली झाली होती. मोठ्या साहेबांनी पट्टीच्या स्वच्छतेचं कौतुक केलं, असं मला परत आल्यावर कळलं.

चौकशी बसली. मला तीन वेळा बोलावलं. मेखा कुठल्या? इश्यू केलेल्याच. काठी घातली होती? घातली होती. अँब्युलन्स का गेली नाही? नियमाप्रमाणे. उपचार वेळेवर? वेळेवर. डॉक्टरांनी लिहून दिलं, या सापाचं विष असं असतं, की औषध लवकर मिळूनही काही माणसं जातात. कुणाचीही चूक निघाली नाही. मी कागद वाचला आणि मलाही एकही वाक्य खोटं सापडलं नाही. राग येतो तो त्याचाच. चूक सापडली असती तर तिच्यावर रागावून तरी मोकळा झालो असतो.

महिनाभरात कुंपणाखाली जाळी लागली. सगळीकडून, पक्क्या सिमेंटमध्ये. पुढच्या हिवाळ्यात पट्टीवर ससा दिसला नाही. बटवे स्टोअरमध्ये जमा झाले. मी रोज सकाळी रिपोर्ट देत होतो, रनवे क्लिअर, आणि प्रत्येक वेळी तोंड कडू व्हायचं. ती जाळी एक पावसाळा आधी लागली असती तर. पण हे कुणाला म्हणायचं? ज्यांनी फाइल अडवली त्यांची बदली झाली होती, आणि त्यांच्याकडं अशा शंभर फाइली असणार.

दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. आता सातपूरला एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. जिजाला पेन्शन व्यवस्थित सुरू झाली, त्यात कुणी अडवलं नाही. मी मात्र एका गोष्टीच्या मागे लागलो. त्याच्या तालुक्याच्या ठिकाणी स्मारकाचा दगड आहे, तिकडच्या शहीद जवानांची नावं कोरलेला. त्यावर हिरामणचं नाव यावं. आठवड्याची सुट्टी आली की मी बस धरून तिथल्या तहसील ऑफिसात जायचो. क्लार्क सभ्य होता, पाणी द्यायचा.

"काका, घटना ऑपरेशनमधली नाही. सर्पदंश आहे."

"ड्यूटीवर होता ना?"

"होता. पण शहीद या व्याख्येत बसत नाही."

"मग कशात बसतो?"

पुढच्या महिन्यात मी परत गेलो, मग परत. तिथले साहेब बदलले, क्लार्क बदलला, व्याख्या तीच राहिली. घरी बायको म्हणायची, आता पुरे करा. मी चिडायचो तिच्यावर. तिचा काही संबंध नव्हता.

या वर्षी सव्वीस जानेवारीला त्यांच्या पाड्यावरच्या शाळेत झेंडा जिजाच्या हस्ते ठेवला होता. मला निमंत्रण आलं. मी युनिफॉर्मची टोपी आणि मेडल्स घालून गेलो. थंडी होती. पोरं रांगेत उभी. आदल्या संध्याकाळीच मी सरपंचांना गाठून सांगितलं होतं, ऑफिस म्हणो न म्हणो, तुम्ही माइकवर शहीद म्हणा. ते लगेच हो म्हणाले होते.

सरपंचांनी माइक हातात घेतला. "आपल्या गावचे सुपुत्र, शत्रूशी लढताना शहीद झालेले नायक हिरामण भोये…"

शत्रूचं मी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः घातलं.

जिजा झेंड्याजवळ उभी होती. ती वळली आणि म्हणाली, "दादा, तसं नका सांगू."

सरपंच थांबले.

"लढाई नव्हती. ससा काढत होता पाइपातून, विमानाखाली काही येऊ नये म्हणून. तिथं त्याला जनावर चावलं. तसंच सांगा. पोरांना खरं ऐकू दे."

सरपंचांनी माझ्याकडं पाहिलं. एवढ्या खेपा मी ज्या शब्दासाठी घातल्या तो तिला नकोच होता. मला आधी वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. मग मी मान हलवली.

सरपंचांनी परत सुरुवात केली. "नायक हिरामण भोये. आपल्या गावचे. विमानाच्या पट्टीवर ड्यूटीला होते. ससा काढताना त्यांना घोणस चावली."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं शेजारणीकडं बघितलं. कुणी हसलं नाही. जिजानं झेंडा फडकवला. मी सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला.